राबाखालची माती

उत्तर कोकणाच्या ज्या टोकाला महाराष्ट्राची हद्द संपून गुजरातची सुरू होते, तेथे सोलसुंब्याला लागून असलेले वेवजी हे वारली वस्तीचे गाव आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात मोडते. परंतु या मुलखाचा जुना महसुली इतिहास पाहू इच्छिणाऱ्याला ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचे दफ्तर धुंडाळावे लागते, कारण १९६० साली द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा त्या तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि अलीकडे राहिलेल्या गावांचा तलासरी महाल बनला. पुढे २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, परंतु भाताच्या खाचरांची आणि माळावरच्या वरकस जमिनीची जी जोडी या भूभागाला निसर्गाने दिली आहे तिला कोणत्याही फेरफाराचा स्पर्श झाला नाही; आणि त्या जोडीतून जी एक चाल, म्हणजे राब भाजण्याची चाल, येथे पिढ्यानपिढ्या रूढ झाली, तिच्याविषयी सरकारने, शास्त्रज्ञांनी आणि खुद्द रयतेने काय काय म्हटले याचा वृत्तांत मला मातीच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे प्रकरण वाटतो.

राब म्हणजे भाताच्या रोपासाठी भाजून तयार केलेला जमिनीचा तुकडा. लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे दशांश एवढी, जरा उंचवट्याची, पाण्याचा निचरा होणारी जागा त्यासाठी निवडतात. थंडीच्या अखेरीस ऐन, धावडा, पळस अशा झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून त्यांचे भारे वाळत ठेवायचे, हीच कवळ. उन्हाळा चढू लागला की निवडलेल्या जागेवर प्रथम शेण किंवा फोडलेल्या शेणी पसरायच्या, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि रानातून झाडून आणलेला पातेरा, आणि सर्वांवर ढेकळे फोडून केलेल्या बारीक मातीचा हलका थर द्यायचा, आणि मग वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावायची. या शेवटच्या दोन गोष्टींत सगळे कौशल्य आहे. वरची माती नसेल तर ज्वाळा भडकून सारा पालापाचोळा घटकाभरात राख होतो आणि जमीन तापत नाही. वाऱ्याच्या बाजूने पेटविले तरी तेच होते. मातीखाली दबलेली आणि वाऱ्याला सामोरी जाणारी आग मात्र धुमसत, रेंगाळत पुढे सरकते आणि खालची जमीन बोटा-दोन बोटांपर्यंत भाजून काढते. पाऊस पडला की त्या राखट, भुसभुशीत मातीत बी फेकायचे, आणि तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून त्यांच्या मुठी चिखलणी केलेल्या खाचरात आवणीसाठी न्यायच्या. भाताप्रमाणेच नाचणी आणि वरी या वरकस पिकांच्या रोपांसाठीही राब भाजत.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते. राब भाजण्याचे दिवसही त्याच सुमाराचे, आणि त्या पंधरवड्यात डहाणूपासून तलासरीपर्यंत सर्वत्र धुराचा वास दरवळत असे. वारल्यांच्या श्रद्धेत जमीन ही धरतरी आहे आणि धान्य ही कणसरी आहे; एकीच्या कुशीत दुसरीला घालण्यापूर्वी तिची जागा आगीने स्वच्छ करावयाची, असा या क्रियेचा अर्थ कोणी लावला तर तो त्या श्रद्धेशी विसंगत ठरणार नाही. परंतु शेतकऱ्याची प्रत्यक्ष सांगण्याची भाषा याहून साधी होती. भाजलेल्या वाफ्यात तण उगवत नाही, रोप काळेशार आणि ताठ येते, उपटताना मुळे तुटत नाहीत. न भाजलेल्या जागेत तेच बी टाकले तर रोप पिवळे पडते, जागोजाग कोलमडते आणि आवणीला पुरत नाही. शतकानुशतकांच्या निरीक्षणाचे हे सार होते. त्यात कारणमीमांसा नव्हती, पण फळ अचूक सांगितलेले होते.

इंग्रजी अंमलात या चालीवर पहिला घाव आला तो शेतीखात्याकडून नव्हे, जंगलखात्याकडून. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यात राखीव जंगलांची आखणी झपाट्याने झाली, आणि जी कवळ तोडण्याची वहिवाट रयत आपला हक्क समजत आली होती ती एकाएकी गुन्हा ठरू लागली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाचे तपशीलवार वर्णन आहे. म्हणजे सरकारला या चालीची माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. परंतु माहिती असणे निराळे आणि महत्त्व पटणे निराळे. जंगलखात्याच्या दृष्टीने कवळ तोडणे म्हणजे इमारती लाकडाच्या झाडांची कत्तल होती. रयतेच्या दृष्टीने कवळ नाही म्हणजे राब नाही, राब नाही म्हणजे रोप नाही, आणि रोप नाही तर साराही नाही. अर्ज, तक्रारी, दंड आणि रखवालदारांचा जाच यांचा गलबला इतका वाढला की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्या कमिशनचा अहवाल १८८७ साली बाहेर पडला, आणि कवळीचा प्रश्न त्यातील मुख्य प्रश्नांपैकी एक होता. खातेदाराने आपल्या वरकस जमिनीतून कवळ घ्यावी आणि राखीव जंगलाला हात लावू नये, हे कागदावर सोपे दिसणारे सूत्र ज्याच्याजवळ वरकस जमीनच नाही अशा कुळाला कसे लागू पडावयाचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या काळच्या राज्यकर्त्यांनी दिले नाही.

तथापि या वादातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. राबाची खरोखर आवश्यकता आहे काय, हा प्रश्न प्रयोगाने सोडवावा असे शेतीखात्याला वाटू लागले. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी विलायतेहून आलेल्या डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या विख्यात अहवालात राबाची दखल घेतली. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांसह राबाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९१२ साली पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर सरकारी प्रबंधमालेत एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची आर्थिक पाहणी करणारे मॅन ते हेच. शेतकऱ्याच्या चालीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्यापूर्वी तिच्या मुळाशी काय आहे ते तपासले पाहिजे, ही त्यांची वृत्ती त्या काळच्या अंमलदारांत विरळ होती, आणि म्हणूनच त्यांचा उल्लेख मी आदराने करीत आहे.

मॅन आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढील प्रश्न असा होता की राबाचा गुण कशात आहे: राखेत, की उष्णतेत? राखेत पोटॅश आहे, चुना आहे. परंतु नुसती राख आणून टाकल्याने राबाचे सारे फळ मिळत नाही, आणि माती तापण्याचा स्वतंत्र परिणाम विचारात घ्यावाच लागतो, या निष्कर्षाकडे त्यांचे प्रयोग नेत होते. हा विचार त्या वेळी अगदी ताजा होता. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली दाखविले होते की माती मर्यादित उष्णतेने तापविली, किंवा तिच्यातून काही रसायनांची वाफ नेली, म्हणजे तिच्यातील सूक्ष्म जिवांचा काही भाग मरतो, उरलेले नंतर जोमाने वाढतात आणि पिकाला नत्र अधिक मिळते. त्यांच्या मते जिवाणूंना खाणारे आदिजीव उष्णतेने नष्ट होत आणि म्हणून जिवाणू फोफावत. विलायतेच्या प्रयोगशाळेत जे भट्टीवर केले जात होते, तेच उंबरगाव-डहाणूकडचा शेतकरी शेणी आणि पातेरा यांनी आपल्या वाफ्यात करीत आला होता.

या साऱ्या चर्चेत बुरशीचे नाव कोठेही ठळकपणे येत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. याचा दोष कोणाला देता येणार नाही. मातीत बुरशीचे बीजाणू सापडतात एवढे ठाऊक होते, पण बुरशी मातीत खरोखर जगते आणि तंतू पसरते की हवेतून पडलेले तिचे बीजाणू नुसते पडून असतात, हाच प्रश्न शास्त्रात अनिर्णित होता. अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांनी नेमका हाच प्रश्न शीर्षकात घालून आपला छोटा निबंध प्रसिद्ध केला तो १९१६ साली, मॅन यांच्या प्रबंधानंतर चार वर्षांनी. शेतीशास्त्राच्या लेखी त्या काळात बुरशी म्हणजे रोग. पुसा येथे बसून एडविन बटलर यांनी हिंदुस्थानातील वनस्पतिरोगांचे जे प्रचंड काम उभे केले त्यात बुरशी ही शत्रुपक्षात होती, आणि ते रास्तच होते, कारण तुरीची मर, भाताचा करपा, रोपवाटिकेतील कोलमड या सर्वांच्या मागे बुरशीच असते. त्याच कुळातील काही जीव या शत्रूंवर उपजीविका करतात, ही कल्पना अजून जन्मास यावयाची होती.

ती जन्मास आली १९३२ साली, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथील लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनकेंद्रात. रिचर्ड वाइंडलिंग हे लिंबाच्या रोपांना कोलमडविणाऱ्या रायझोक्टोनिया या बुरशीचा अभ्यास करीत असताना त्यांना असे दिसले की ट्रायकोडर्मा नावाची एक दुसरी बुरशी त्या रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेलीसारखे वेढे घालते, त्यांच्यात शिरते आणि त्यांचा जीवनरस शोषून त्यांना पोकळ करून टाकते. ट्रायकोडर्मा हे नाव जुने होते. पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७९४ सालीच ठेवले होते. कुजक्या लाकडावर आणि ओल्या पाचोळ्यावर प्रथम पांढरा आणि मग गर्द हिरवा पुडीसारखा थर धरणारी ही बुरशी कोकणच्या कोणत्याही रानात पावसाळ्यात डोळ्यांस दिसते. ती लढते हे मात्र जवळजवळ एकशे चाळीस वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. पुढील संशोधनात तिच्या लढण्याचे अनेक प्रकार उघड झाले: ती शत्रूच्या तंतूंच्या भिंती विरघळविणारे विकर स्रवते, काही जाती विषद्रव्ये निर्माण करतात, मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधीच बळकावून ती इतरांना थारा देत नाही, आणि मुळांच्या बाहेरच्या थरांत शिरून खुद्द वनस्पतीची प्रतिकारशक्ती जागी करते.

राबाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा शोध १९५१ सालचा आहे. त्याच रिव्हरसाइडमध्ये ब्लिस यांनी संत्र्यांच्या बागांतील मुळकुज करणाऱ्या आर्मिलारिया बुरशीवर काम केले. बागेच्या मातीत कार्बन डायसल्फाइडची वाफ सोडली की ती बुरशी मरत असे, आणि सर्वांची समजूत अशी होती की ती वाफच तिला मारते. ब्लिस यांनी दाखविले की वाफ तिला केवळ दुबळी करते. तिला मारतो तो ट्रायकोडर्मा, जो त्या विषातून तगून राहतो आणि मोकळ्या झालेल्या मातीत सर्वांच्या आधी पसरतो. पुढे त्याच राज्यात केनेथ बेकर यांनी रोपवाटिकांसाठी हाच न्याय उष्णतेला लावला: माती शंभर अंशांच्या वाफेने पूर्ण निर्जीव करू नये, हवा मिसळलेल्या वाफेने साधारण साठ अंशांपर्यंत अर्धा तास तापवावी, म्हणजे बहुतेक रोगकारक बुरशी मरतात आणि उपकारक जिवांपैकी पुष्कळ जगतात. जास्त तापविलेल्या मातीत पहिल्याने घुसलेला रोगजंतू निर्वेधपणे माजतो. माफक तापविलेल्या मातीत त्याला अडविणारे शिल्लक असतात. मातीचा थर देऊन आग मंदावणे आणि वाऱ्याच्या उलट अंगाने पेटविणे या राबाच्या दोन जुन्या नियमांचे मर्म या शोधानंतर मला अधिक स्पष्ट दिसते. पृष्ठभागाशी माती कडक भाजते, तणाचे बी जळते. दोन-चार बोटे खाली मात्र उष्णता मध्यम असते, आणि त्याखाली जिवंत मातीचा अखंड साठा असतो, जेथून उपकारक जीव पहिल्या पावसाबरोबर वर येऊ शकतात.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. राबाचे सगळे यश या हिरव्या बुरशीच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही. ट्रायकोडर्माला आम्ल माती मानवते, हे वाइंडलिंग यांनीच पाहिले होते, आणि राखेने मातीचा आम्लपणा काही काळ उतरतो. शिवाय भाजलेल्या मातीत ट्रायकोडर्माच्या जोडीला पायरोनिमासारख्या, आगीनंतरच उगवणाऱ्या नारिंगी बुरशीही घर करतात. तणाचा नाश, राखेतील क्षार, नत्राची वाढलेली उपलब्धता, मातीचा बदललेला पोत आणि सूक्ष्म जिवांच्या सत्तेत झालेली उलथापालथ, या सर्वांचा मिळून राब झाला होता.

आणि त्या राबाची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. जंगलाने मोजली हे खरे. दरवर्षी फांद्या छाटून खुरटलेले ऐन आणि धावडे कोणीही पाहू शकत असे. पण जमीनदाराच्या खाचरासाठी कवळीचे भारे डोक्यावरून वाहणारी माणसे कोण होती? वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी हे या मुलखाचे कटू वास्तव होते, आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या वारल्यांनी ती वेठ नाकारली तेव्हा शेतीचा हंगाम तोंडाशी आलेला होता. तो लढा हा या प्रांताच्या शेतीच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. मातीचे शास्त्र लिहिताना मातीवर वाकलेल्या पाठी विसरणे मला अक्षम्य वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात राब आपोआप आटत गेला. रान विरळ झाले, शेणाला दुसरे उपयोग सापडले, रासायनिक खताची गोणी कवळीपेक्षा सोपी पडली. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या शेतकी संस्थेत १९७६ साली कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले आणि गादीवाफ्यावरील रोपवाटिकेचा प्रसार वाढला. राबाचा गुण राखून त्याची आग टाळण्याचा विचार महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत नेटाने केला त्यांत चारसूत्री भातशेतीचे प्रवर्तक डॉ. सावंत यांचे नाव घेतले पाहिजे. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळणे आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडणे ही त्यांच्या चार सूत्रांपैकी दोन. राखेतील सिलिकेने रोप ताठ होते आणि रोगाला बळी कमी पडते. जुन्या शेतकऱ्याने राबाच्या रोपाविषयी वापरलेला ‘ताठ’ हा शब्द येथे शास्त्राने उचलून धरला.

मात्र राख घातली तरी उष्णतेने होणारे मातीचे शुद्धीकरण मागे राहते, आणि तेथे ट्रायकोडर्माचे स्थान येते. १९९० च्या दशकात शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळलेल्या ट्रायकोडर्माच्या पिशव्या भारतात शेतकऱ्यांच्या हाती येऊ लागल्या. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने या कामात पुढाकार घेतला आणि महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनी त्याच्या शिफारशी केल्या. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली ही बुरशी नोंदविली जाते, आणि ग्रॅममागे किमान वीस लाख जिवंत बीजाणू असले पाहिजेत असा दंडक आहे. बियाण्याच्या किलोमागे चार-पाच ग्रॅम पूड चोळावी, वाफ्यात शेणखताबरोबर मिसळावी, ही शिफारस आता घोलवड-बोर्डीच्या चिकूबागांपासून डहाणूच्या मिरचीच्या रोपवाटिकांपर्यंत पोहोचली आहे. तापविण्याचे काम करण्यासही धुराशिवायचा उपाय आहे: वैशाखात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवावे. इस्रायलमध्ये १९७६ साली कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली ही रीत कोकणातल्या उन्हाला उत्तम जुळते, आणि तिच्यानंतर ट्रायकोडर्मा सोडला तर तो मोकळ्या मैदानात उतरतो.

या बाबतीत माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि तो वेवजीसारख्या गावात शेतीचा सल्ला घेऊन जाणाऱ्यांपुढे मी मांडू इच्छितो. ट्रायकोडर्माची पिशवी ही खताची गोणी नव्हे, औषधाची बाटलीही नव्हे. तीत जीव आहेत. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत ती पडून राहिली तर बीजाणू मरतात आणि शेतकऱ्याच्या हाती निव्वळ शंखजिरे उरते. मोरचूद असलेल्या बोर्डो मिश्रणाबरोबर किंवा इतर बुरशीनाशकाबरोबर ती एकाच दिवशी वापरली तरी तोच परिणाम होतो. फळ न दिसल्याने शेतकऱ्याचा विश्वास उडतो, आणि जी गोष्ट त्याच्या पूर्वजांनी आगीच्या साह्याने अर्धीअधिक साधली होती ती शास्त्राच्या नावाने त्याच्यापासून दुरावते. म्हणून पिशवी मिरगाच्या तोंडाशी ताजी घ्यावी. कुजलेल्या, किंचित ओलसर शेणखतात ती मिसळून ढीग सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकावा, दोन-तीन दिवसांनी उलथावा, पाण्याचा शिपका द्यावा. पंधरा दिवसांत ढिगावर पांढरे जाळे आणि मग हिरवी पूड दिसली म्हणजे बुरशी जिवंत आहे असे समजावे, आणि पहिला चांगला पाऊस होताच ते खत वाफ्यावर पसरून त्याच दिवशी बी टाकावे. पातेऱ्याचे जे भारे पूर्वी आगीत जात, ते आता बांधाच्या कडेला खड्ड्यात थरावर थर रचून याच हिरव्या खताचे विरजण लावल्यास पुढच्या वर्षीच्या वाफ्याचे खत तेथेच तयार होते.